भारताच्या यादीतले परके भुंगेरे

मृगाचा पाऊस झाला की दिव्यावर क्लिक बीटल यायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग ह्या सदराची टपाल. क्लिक बीटल म्हणजे उताणा पडला की टक् आवाज करून हवेत उसळणारा लांबोडका भुंगेरा, एलॅटरिडी कुलातला. जगात त्याच्या सुमारे 10,000 जाती नोंदलेल्या आहेत. ह्या वेळची बरीच पत्रं 'नाव चुकलंय, आता काय करू' अशा धाटणीची आहेत, म्हणून तीच एकत्र घेतली. गोचीड, गांधीलमाशी आणि कपाटातली कसर पुढच्या अंकात. रागावू नये.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, आजरा): मॅडम, मे अखेरीला आमच्या पडवीत चार सेंटिमीटरचा राखाडी भुंगेरा आला. फोटो एका निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला. तिथे 'अ‍ॅलॉस ऑक्युलेटस' असं नाव सुचवलं गेलं, दोघांनी दुजोरा दिला आणि नोंद पक्की झाली. आता गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीतही तेच नाव चढलंय. आमच्या सरांना ते पटत नाही. फोटो सोबत पाठवते.

उत्तर: सरांचं बरोबर आहे. अ‍ॅलॉस ऑक्युलेटस उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात राहतो. त्याच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन मोठे, काळे, मखमली आणि पांढऱ्या कडेचे लंबगोल डोळे असतात. ते खरे डोळे नव्हेत, समोरच्याला दचकवायला काढलेले. तुमचा फोटो मोठा करून बघा. ढालीवर काळपट डाग आहेत, पण पांढरं रिंगण कुठेच नाही. अंगभर राखाडी-पांढऱ्या बारीक खवल्यांची लव आहे आणि पंखांच्या टणक कवचावर, कडेच्या मध्याजवळ, एक गडद ठिपका आहे. हा क्रिप्टॅलॉस वंशातला आहे (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट). जाती कोणती ते ह्या फोटोवरून मी सांगणार नाही.

आता हे अमेरिकन नाव आजऱ्याला पोचलं कसं? एक तर अ‍ॅलॉस ऑक्युलेटसचे फोटो जगात बक्कळ आहेत, आपल्या जातींचे मोजके. यंत्राला चित्र दाखवलं की ते बक्कळ असलेल्याकडे बोट दाखवतं. दुसरं कारण जुनं आहे. अ‍ॅलॉस हा वंश 1829 मध्ये एशशोल्ट्सने केला आणि पुढे शतकभराहून जास्त काळ आशियातले, ऑस्ट्रेलियातले असे सगळे मोठे करडे क्लिक बीटल त्यातच कोंबले गेले. 1967 साली जपानच्या ओहिरांनी आशियातल्या मंडळींसाठी क्रिप्टॅलॉस हा वंश वेगळा काढला. पण ग्रंथालयातली पुस्तकं त्याआधीची. तिथे भारतीय भुंगेऱ्यापुढे 'अ‍ॅलॉस' छापलेलं दिसतं, मग अ‍ॅलॉस म्हणून शोधलं की अमेरिकन जातीचा फोटो समोर येतो, आणि दुजोरा देणारा खूश होतो.

दुरुस्तीचं म्हणाल तर आधी एक करू नका: फोटो काढून टाकू नका. लाज वाटून लोक नेमकं हेच करतात. फोटो, तारीख आणि गाव ह्या तिन्ही गोष्टी अस्सल आहेत, चुकलंय ते नाव. संकेतस्थळावर स्वतःची नवी ओळख नोंदवा, 'क्रिप्टॅलॉस, जाती अनिश्चित', आणि खाली दोन ओळींत कारण लिहा: ढालीवर पांढऱ्या कडेचे डोळे नाहीत, ठिकाण सह्याद्री. नुसती प्रतिक्रिया लिहून भागत नाही. बहुतेक ठिकाणी मतं मोजली जातात, आणि प्रतिक्रिया म्हणजे मत नव्हे. मग दुजोरा दिलेल्या दोघांना कळवून मत बदलायला सांगा. ते बहुतेक बदलतात. चांगल्या मनाने चुकलेले असतात.

हे लवकर करायचं, कारण अशा पक्क्या झालेल्या नोंदी जीबीआयएफ ह्या जागतिक भांडारात जातात. तिथून कोणीतरी भारताच्या नोंदी उतरवून घेतो, त्यांची यादी करतो, यादी छापून येते, आणि छापलेलं खोडायला पुन्हा छापावं लागतं. नोंदवहीतली ओळ मात्र खोडू नका. खाली नवी ओळ, तारीख, सही. मागून येणाऱ्याला चूक कुठे शिरली आणि कधी निघाली, दोन्ही दिसलं पाहिजे.

प्रश्न (एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर): मोबाइल यायच्या आधी तर अभ्यासकच नावं द्यायचे. मग जुन्या याद्यांत चुकीच्या नोंदी कशा?

उत्तर: पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या निम्म्या किड्यामुळे नाहीतच, नकाशामुळे आहेत.

क्लिक बीटलचं पहिलं मोठं काम केलं बेल्जियममधल्या लिएजच्या डॉक्टर कांदेझने. त्याचा चार खंडांचा ग्रंथ 1857 ते 1863 मध्ये निघाला. बाबा आपल्याकडे फिरलेला नाही. युरोपात ज्याच्याकडे जे आलं ते तो बघे, आणि टाचणीला लावलेल्या चिठ्ठीवर ठिकाण म्हणून अनेकदा एवढंच असे: 'पूर्व इंडीज'. ह्या दोन शब्दांत तमिळनाडूतली तरंगमबाडीही बसते आणि जावाही. अठराव्या शतकातल्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसपासूनची ही सवय. त्याला तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतून माल यायचा, तेव्हा त्यातलं काही खरंच आपलं आहे, पण चिठ्ठी ते सांगत नाही.

मग ब्रह्मदेश. 1886 मध्ये तो अख्खा ब्रिटिश हिंदुस्थानात आला आणि 1937 मध्ये वेगळा झाला. नेमक्या ह्याच काळात तिथून ढिगाने किडे गेले. इटलीचा लिओनार्दो फेआ 1885 ते 1889 तिथे हिंडत होता. त्याचा माल जिनोव्हाच्या संग्रहालयात गेला आणि त्यातले क्लिक बीटल कांदेझने वर्णिले. ब्रिटिश हिंदुस्थान म्हणून झालेल्या नोंदी पुढे कोणी 'भारत' ह्या मथळ्याखाली उतरवल्या की ब्रह्मदेशातले किडे आपले होऊन बसतात. तिथे किड्याची ओळख बरोबरच असते. देश चुकतो.

उलटंही होतं. कालिम्पाँगजवळच्या पेडोंग भागातून आलेल्या जुन्या नमुन्यांवर 'ब्रिटिश बूटांग' अशी चिठ्ठी असते. वाचणारा म्हणतो, भूतान. पण तो मुलूख 1865 च्या सिंचुला तहाने इंग्रजांकडे आला आणि आज पश्चिम बंगालमध्ये आहे. म्हणजे आपला किडा भूतानच्या यादीत. 'सिक्कीम' लिहिलेल्या जुन्या चिठ्ठ्यांचा अर्थ पुष्कळदा दार्जिलिंग असतो, हे फुलपाखरंवाल्यांना चांगलं माहीत आहे. भुंगेऱ्यांनाही तेच लागू. फाळणीने लाहोर आणि ढाक्याचं काय केलं ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे यादी दुरुस्त करणाऱ्याकडे भिंगाइतकाच जुना नकाशा लागतो, आणि यादीतला मथळा न बघता मूळ चिठ्ठी वाचायचा हट्ट लागतो.

ह्यात भर म्हणजे, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ही मालिका 1888 पासून निघाली. तिच्यात लांबशिंगी भुंगेऱ्यांचा खंड आहे (गहान, 1906), पानभुंगेऱ्यांचे आहेत, शेणकिड्यांचे आहेत. क्लिक बीटलचा खंड निघालाच नाही. म्हणून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या विद्यार्थी युरोपातल्या तक्त्यांवरून ओळख पटवत आले. युरोपातल्या तक्त्यात शेवटी निघणारं नाव युरोपातलंच असणार. चुकीच्या नोंदी ह्या वाटेने किती आल्या असतील ह्याचा अंदाज कपाटं उघडल्याशिवाय येणार नाही, आणि कपाटं उघडायला कोणाला वेळ नाही. हे माझं जुनं रडगाणं, असो.

प्रश्न (एक प्राध्यापक, सातारा जिल्हा): आमच्या विभागाच्या कपाटात जुन्या टाचणीवर लहानसा, मातकट, खरखरीत क्लिक बीटल आहे. चिठ्ठीवर शाईने 'लॅकॉन म्युरिनस, महाबळेश्वर, 5-61'. विद्यार्थी म्हणतात हे नाव आता चालत नाही. नवी चिठ्ठी लावून जुनी काढली तर चालेल ना?

उत्तर: नाही! जुनीला हात लावायचा नाही.

तुमच्या एका चिठ्ठीत दोन निरनिराळे घोटाळे आहेत, ते आधी सोडवू. पहिला नावबदलाचा. लिनियसने 1758 साली जिला म्युरिनस म्हटलं, ती जाती कधी लॅकॉनमध्ये होती, कधी अ‍ॅडेलोसेरात, आणि आज अ‍ॅग्रिप्नस म्युरिनस म्हणून ओळखली जाते. ह्या गटाची मोठी फेरमांडणी फॉन हायेक ह्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसाठी 1973 मध्ये केली. तुमची चिठ्ठी 1961 ची असेल तर लिहिणाऱ्याने त्या वेळचं रूढ नाव लिहिलं, त्याचा काही दोष नाही. इथे फक्त वंश बदलला, जाती तीच.

दुसरा घोटाळा खरा. म्युरिनस ही युरोपाकडची जाती. महाबळेश्वरी ती कशाला येईल? आपल्याकडे अ‍ॅग्रिप्नसच्या कितीतरी मातकट जाती आहेत आणि उघड्या डोळ्यांना त्या एकसारख्याच दिसतात. तेव्हा इथे ओळखच चुकलेली दिसते. छापताना ह्या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्या लागतात. नावबदल समानार्थी नावांच्या यादीत जातो. चुकीची ओळख तिथे जात नाही. तिच्यापुढे 'अमुकाने वापरलेलं म्युरिनस, लिनियसचं नव्हे' असं स्पष्ट लिहितात. हा फरक गाळला की पुढचा माणूस महाबळेश्वरच्या किड्याला आणि स्वीडनच्या किड्याला एकच समजतो.

आता हाताने करायचं काम. भुंगेऱ्याच्या टाचणीला वरून बघा: ती उजव्या पंखकवचातून गेलेली असेल, मधोमध नाही. मधली शिवण आणि डावी बाजू अभ्यासाला अखंड राहावी म्हणून तसा रिवाज आहे. टाचणी थर्मोकोलमधून सरळ वर उचला, पिळू नका. साठ वर्षांत ती गंजून कवचाला धरलेली असते, पिळलीत की पंख निघून हातात येईल. जुन्या चिठ्ठ्या आहेत त्याच क्रमाने राहू द्या. सगळ्यांत खाली नवी लहान चिठ्ठी, जाड कागदाची, पक्क्या काळ्या शाईची: 'अ‍ॅग्रिप्नस, जाती अनिश्चित', ओळख पटवणाऱ्याचं नाव, वर्ष. बॉलपेन नको, त्याची शाई डांबरगोळीच्या वाफेने पसरते. पेटीत डांबरगोळी असली तर ती टाचणीवर बसवा, मोकळी घरंगळू देऊ नका. मोकळ्या गोळीने मिशा मोडलेले भुंगेरे मी बघितलेत, आणि मिशा मोडल्या की ओळखीचं निम्मं साहित्य गेलं.

जाती ठरवायची तर नराचं जननांग काढून बघावं लागेल. गरम पाण्यात किडा मऊ करायचा, पोटाचं टोक सोडवायचं, सौम्य कॉस्टिक पोटॅशमध्ये मांस विरघळवायचं. उरतो तो तीन पाकळ्यांचा कडक भाग, मधला दांडा आणि दोन बाजूंच्या पट्ट्या. त्यांच्या टोकांच्या आकारावर जाती ठरते. हे काम पहिल्यांदा करणार असाल तर ह्या जुन्या नमुन्यावर करू नका. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे विचारा.

प्रश्न (एक शेतकरी, सातगाव पठार, आंबेगाव): ताई, बटाटा काढला तर त्यात सुईने टोचल्यासारखी भोकं. मातीत बारीक पिवळ्या टणक अळ्या सापडल्या. दुकानात 'वायरवर्म' सांगून औषध दिलं. शेजारी म्हणतो हुमणी. खरं कोण?

उत्तर: हुमणी नक्कीच नाही. हुमणी पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असते. तुमची सरळ आहे. वायरवर्म म्हणजे क्लिक बीटलची अळी, ती असू शकते. पण खोटी वायरवर्म म्हणून दुसरीच एक असते, गोनोसेफॅलम नावाच्या मातकट भुंगेऱ्याची, आणि आपल्याकडे रोपं कुरतडण्यात तिचा हात बराच असतो. दोन्ही पिवळ्या, दोन्ही चकचकीत.

दहापटीचं भिंग घ्या, शाळेत मिळेल. अळी काचेवर ठेवा. आधी पाय बघा. पायांच्या तिन्ही जोड्या सारख्या आणि आखूड असतील तर खरी वायरवर्म. पुढची जोडी मागच्यांपेक्षा ठळक दणकट असेल तर खोटी. मग तोंड. खरीचं डोकं चपटं असतं, त्याची पुढची कड दातेरी, आणि वरचा ओठ वेगळा दिसत नाही. खोटीला वरचा ओठ स्पष्ट दिसतो. शेवटी शेपूट. ते निमुळतं असून त्याच्या बुडाशी दोन काळे खळगे दिसले, तर अ‍ॅग्रिओटिस वंशाचा संशय घ्यायचा आणि तसंच राहुरीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभागाला दाखवायचं. शेपूट दुभागलेलं असेल तर वंश दुसरा.

अ‍ॅग्रिओटिसचं मुद्दाम सांगते, कारण वायरवर्म म्हटलं की पुढे अ‍ॅग्रिओटिस लिनिएटस किंवा ऑब्स्क्युरस लिहून मोकळं व्हायची सवय आहे. ह्या युरोपातल्या बटाट्याच्या, गवताच्या जाती. तिथून त्या कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पोचल्या आणि तिथल्या शेतकऱ्यांना आजही छळतात. म्हणजे त्या दूर जाऊ शकतात, हे खरं. पण म्हणूनच पुरावा नसताना ते नाव घ्यायचं नाही. आंबेगावला अ‍ॅग्रिओटिस लिनिएटस असं कुठे छापून आलं, तर ती परदेशी किडीची बातमी ठरते.

औषधाचं म्हणाल तर आधी ओळख, मग फवारा. चार-पाच अळ्या डब्यात ओलसर माती आणि बटाट्याच्या फोडींवर ठेवा, पण वेगवेगळ्या डब्यांत, एकमेकींना खातात. खोटी असेल तर काही महिन्यांत भुंगेरा बाहेर येईल. अ‍ॅग्रिओटिसची अळी तीन ते पाच वर्षं अळीच राहते, तेवढा काळ कोणी डबा सांभाळत नाही, हे मला कळतं.

प्रश्न (एक वाचक, अकोले): आमच्याकडे काजव्यांच्या दिवसांत लांबट भुंगेराही चमकताना दिसतो. तो पायरोफोरस क्लिक बीटल असेल का?

उत्तर: पायरोफोरस अमेरिका खंडातला. त्याच्या ढालीच्या मागच्या दोन कोपऱ्यांत एकेक दिवा आणि पोटाखाली तिसरा. तुमच्याकडे चमकतात ते काजवेच, दिवा पोटाच्या टोकाला. आशियात चमकणारा क्लिक बीटल नाहीच, असं मात्र आता म्हणता येत नाही. 2019 मध्ये चीनच्या युन्नान प्रांताच्या पश्चिम टोकाहून सायनोपायरोफोरस शिमेली ह्या चमकणाऱ्या जातीचं वर्णन आलं, आणि तिच्यासाठी नवं उपकुल करावं लागलं. युन्नान म्हणजे अकोले नव्हे. तरीही ढालीवर दिवा दिसलाच, तर भुंगेरा डबीत घालून मला लगेच कळवा, रात्री कितीही वाजता.

प्रश्न (एक गृहिणी, सावंतवाडी): झगमगीत हिरवा भुंगेरा सापडला. सगळे ज्वेल बीटल म्हणतात. मला का कोण जाणे क्लिक बीटल वाटतो.

उत्तर: तुम्हाला वाटतं ते खरं असू शकतं. कॅम्प्सोस्टर्नस हा क्लिक बीटलांतला वंश असाच धातूसारखा हिरवा असतो, आणि त्याला ज्वेल बीटल समजणं ही नेहमीची चूक आहे. ढालीचे मागचे दोन्ही कोपरे टोकदार होऊन मागे आले आहेत का बघा. मग उताणा करा. क्लिक बीटलच्या छातीखाली एक काटा असतो आणि त्याच्या मागे खाचण. अंग ताणून तो काटा खाचणीच्या कडेला अडकवतो, जोर साठवतो आणि सोडतो. आपण चुटकी वाजवतो त्यातला हा प्रकार. ब्रिटनमध्ये इव्हान्सने 1970 च्या दशकात हे मोजलं, तर एथस वंशातला लहानसा भुंगेरा 30 सेंटिमीटरपर्यंत उडालेला. ज्वेल बीटलला ही मान हलवताच येत नाही, तो नुसते पाय झाडत पडून राहतो. तुमचा उडाला का ते कळवा.

प्रश्न (एक वाचक, पुणे): ओळखीसाठी किडा मारणं मला पटत नाही. आणि परदेशातल्या तज्ज्ञ मित्राला मेलेला नमुना पोस्टाने पाठवला तर?

उत्तर: मारू नका, कोणी सक्ती केलेली नाही. दिव्याखाली सकाळी मेलेले पडलेले असतात, ते कागदाच्या पुडीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. पुडीवर गाव, तालुका, तारीख आणि कुठल्या दिव्याखाली ते लिहा. जिवंत किड्याचे फोटो घ्यायचे तर वरून, बाजूने आणि खालून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मला येणाऱ्या फोटोंत पाठ सगळ्यांची असते, पोट कोणाचंच नसतं. अभयारण्यात परवानगीशिवाय मेलेलाही उचलू नका.

परदेशी पोस्टाने तर अजिबात नको. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली त्याची रीतसर प्रक्रिया आहे, आणि 'मेलेला भुंगेराच तर आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. मित्राला फोटो पाठवा. नमुना कोलकात्याच्या किंवा आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षणाकडे द्या, आणि त्यांनी दिलेला नोंदणी क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. पुढे कोणी त्या नोंदीवर शंका घेतली, तर त्याला नेमका तोच भुंगेरा काढून बघता आला पाहिजे.